बिनशर्त

ओझरच्या विघ्नहराच्या शिखरावरचे सोने लढाईचे आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि त्या विजयानंतर या देवळाचा जीर्णोद्धार करून शिखर सोन्याने मढवले, असे इथला इतिहास सांगतो. अष्टविनायकाची बस लेण्याद्री करून इथे येते, माणसे दर्शन घेतात, मागे पसरलेले येडगाव धरणाचे पाणी बघतात आणि पुढच्या गणपतीला निघतात. त्यांना वसई आठवावी असे काही कारण नाही. आम्हाला ती ऑगस्ट महिन्यात आठवते, हिरोशिमाचा वाद दर वर्षीप्रमाणे सुरू झाला की.

वाद ठरलेला आहे. एका बाजूचे म्हणणे असे की बॉम्ब टाकले नसते तर अमेरिकी फौजांना जपानच्या बेटांवर उतरावे लागले असते आणि त्यात कितीतरी जास्त माणसे मेली असती. अमेरिकेचे तेव्हाचे युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी फेब्रुवारी १९४७ च्या ‘हार्पर्स’ मासिकात एकट्या अमेरिकी फौजेच्या संभाव्य मृत-जखमींचा आकडा दहा लाखांच्या वर नेला. जून १९४५ मध्ये लष्करापुढे असलेले अंदाज यापेक्षा बरेच खालचे होते. पण लोकांच्या डोक्यात बसला तो दहा लाखांचा. दुसरी बाजू मेलेल्यांची संख्या सांगते. १९४५ संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत सुमारे ७० हजार. एकीकडे न मेलेली माणसे, दुसरीकडे मेलेली. न मेलेल्यांची संख्या हवी तेवढी वाढवता येते, कारण त्यांची शिरगणती करायला कोणी जात नाही.

तरीही पहिल्या बाजूला मोडीत काढणे आपल्याला तरी शोभणार नाही. मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला मराठा लाइट इन्फंट्रीची एक पलटण जपान्यांना अडवून धरताना पार पिळवटून निघाली. सप्टेंबर १९४५ मध्ये हिंदी फौजा मलायाच्या किनाऱ्यावर उतरणार होत्या. ‘ऑपरेशन झिपर’ नावाची ती मोहीम झालीही, पण जपान आधीच शरण आल्यामुळे समोरून गोळी आली नाही. त्या फौजेतून धडधाकट घरी परतलेल्या शिपायाच्या आईने बॉम्बला नावे ठेवावीत, अशी अपेक्षा कोण करील? शिवाय जपान म्हणजे कोणी गरीब गाय नव्हती. नानजिंगची कत्तल राहू द्या, आपल्या अंदमानात १९४२ ते १९४५ या काळात जपानी अमलाने केलेले छळ तिथले लोक अजून विसरलेले नाहीत.

आमचा आक्षेप हिशेबाला नाही, त्याच्या मांडणीला आहे. ‘बॉम्ब की चढाई’ असा प्रश्न टाकला की तिसरी वाट आपोआप नजरेआड होते. ती वाट होती. तिच्यावर १९४५ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनमध्येच कागद लिहिले गेले होते.

जोसेफ ग्रू हे टोकियोत दहा वर्षे राजदूत राहिलेले गृहस्थ. मे १९४५ च्या अखेरीस त्यांनी अध्यक्ष ट्रूमन यांना सांगितले की जपानी लोक सम्राटासाठी मरतील, तेव्हा सम्राटाचे पद राहील एवढे सांगा, शरणागती सोपी होईल. स्टिम्सन यांनीही जुलैच्या सुरुवातीला हेच सुचवले. बॉम्बचे नंतरचे समर्थक ते हेच स्टिम्सन, हे ध्यानात घ्यावे. जपानला द्यायच्या निर्वाणीच्या इशाऱ्याच्या मसुद्यात तशी ओळ घातलीही गेली होती. २६ जुलैला पॉट्सडॅमहून तो इशारा प्रसिद्ध झाला तेव्हा ती ओळ त्यात नव्हती. सम्राटाचा उल्लेखच नव्हता. होती ती बिनशर्त शरणागतीची मागणी आणि नाही म्हटल्यास तत्काळ व संपूर्ण विनाशाची ताकीद. त्याच महिन्यात जपानचे परराष्ट्रमंत्री तोगो मॉस्कोतल्या आपल्या राजदूताला तारा पाठवत होते की रशियाच्या मध्यस्थीने युद्ध थांबते का पाहा, बिनशर्त हा शब्द तेवढा आड येतो आहे. या तारा अमेरिका फोडून वाचत होती.

आणखी एक तारीख आहे. अणुबॉम्ब टाकण्याचा लेखी हुकूम निघाला तो २५ जुलैला. म्हणजे इशारा द्यायच्या आदल्या दिवशी. ३ ऑगस्टच्या सुमारास हवामान साधेल तेव्हा पहिला बॉम्ब टाकावा आणि पुढचे जसजसे तयार होतील तसतसे टाकत जावे, असा तो हुकूम. दुसऱ्या बॉम्बसाठी वेगळा विचार, वेगळी बैठक, वेगळी सही असे काही नाही. ६ ऑगस्टला हिरोशिमा झाले. ९ ऑगस्टला विमान निघाले ते कोकुरा शहरावर. तिथे खालचे काही दिसेना, म्हणून ते नागासाकीकडे वळले. पहिल्या बॉम्बने काय झाले हे टोकियोला नीट कळून त्याचा विचार व्हायला मधले तीन दिवस पुरेसे होते की नाही, हा प्रश्न कोणाला पडल्याचे त्या हुकमात दिसत नाही.

पुढची गंमत, गंमत म्हणता येत असेल तर, अशी की १० ऑगस्टला जपानने सम्राटाच्या अधिकारांना धक्का लागणार नाही या समजुतीवर शरणागती कळवली आणि अमेरिकेने जे उत्तर दिले त्यात सम्राटाला दोस्तांच्या सरसेनापतीच्या हाताखाली ठेवले, पण ठेवले. हिरोहितो त्यानंतर १९८९ पर्यंत सम्राट होते. जे आधी द्यायला नको होते, ते नंतर दिले.

अर्थात, आधी दिले असते तर युद्ध संपलेच असते असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. ९ ऑगस्टला रशिया युद्धात उतरला होता, नागासाकीची बातमी आली होती, तरी जपानच्या सर्वोच्च युद्धमंडळात तीन विरुद्ध तीन अशी फूट होती. लष्कराला सम्राट राहणे एवढेच पुरेसे नव्हते. परकी फौज देशात येऊ नये, शस्त्रे आपण आपली खाली ठेवू, आपल्या गुन्हेगारांचा न्याय आपणच करू, अशा आणखी अटी होत्या. त्या मान्य होण्यासारख्या नव्हत्या. पण एका ओळीची किंमत ती काय? ती लिहून पाहायला शाई लागत होती. ती न लिहिता पुढचे पाऊल उचलले गेले, आणि नीतीचा प्रश्न आमच्या मते तिथे आहे. किती मेले किंवा किती वाचले, हा नंतरचा.

आता वसई. चिमाजी अप्पा कोणी अहिंसेचे पुजारी नव्हते. पोर्तुगीज अमलात साष्टी-वसईत देवळे पाडली गेली होती, धर्मासाठी छळ झाला होता, त्यामुळे सूडाला निमित्त शोधावे लागत नव्हते. वेढा महिनोन्‌महिने चालला. तटाखाली सुरुंग लावायचे, ते कधी उडायचे, कधी आपल्याच माणसांवर उलटायचे. खिंडारातून आत घुसायचे आणि मागे रेटले जायचे. मराठ्यांची हजारो माणसे त्यात पडली. किल्ला हाती येत नसेल तर माझे मस्तक तोफेला बांधून उडवा, ते तरी आत पडू द्या, असे अप्पा म्हणाले, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, ती सांगणाऱ्यांना एक गोष्ट पटलेली होती की किल्ला मागणाऱ्याने आधी स्वतःचे डोके पणाला लावावे. हिरोशिमावर विमान साडेनऊ हजार मीटर उंचीवर होते.

एवढे रक्त सांडल्यावर पोर्तुगीजांनी पांढरे निशाण दाखवले, तेव्हा अप्पांनी अटी मान्य केल्या. शिबंदीने हत्यारांसह, इतमामाने बाहेर पडावे. बायकामुले आणि सोबत नेता येईल ती चीजवस्तू न्यावी. ज्यांना इथेच राहायचे असेल त्यांनी आपला धर्म पाळून राहावे. वसईच्या पोर्तुगीज घरांतली माणसे जहाजांत बसून सुखरूप गेली.

यात उदारपणा होता तितकीच गरज होती, हेही सांगितले पाहिजे. त्याच मार्चमध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली होती. बाजीरावांना उत्तरेची काळजी लागली होती, वसईत अडकलेली फौज त्यांना मोकळी हवी होती. शेवटच्या माणसापर्यंत लढायला भाग पाडलेला शत्रू महाग पडतो, हे अप्पांना ठाऊक होते. नीती आणि फायदा एकाच दिशेला दिसत असताना नीतीला कमी लेखण्याची आपल्याकडे एक खोड आहे, ती सोडावी. आणि सगळे गोडच झाले असेही नव्हे. चर्चच्या घंटा उतरवून आणल्या गेल्या. भीमाशंकरला दिसते ती पोर्तुगीज घंटा वसईच्याच लुटीतली सांगतात. विजयाची लूट ती लूटच. ओझरचे सोनेसुद्धा त्यातून सुटत नाही.

तरी फळ बघा. वसईत आज चर्चे आहेत, सामवेदी बोलणारी ख्रिस्ती गावे आहेत, आणि त्याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. हरलेल्यांच्या धर्माला मागे राहू दिले, म्हणून पावणेतीनशे वर्षांनी ते मराठी साहित्याच्या व्यासपीठावर भेटले. बिनशर्ततेचा आग्रह धरला असता तर वसईच्या भग्न तटांसारखी आणखी काही भग्न गावे आपण सहलीला जाऊन पाहिली असती.

अठराव्या शतकातल्या एका किल्ल्याची तुलना महायुद्धाशी कशी करता, असे कोणी विचारील. आकाराची तुलना आम्ही करत नाही. वेढा घालणारा माणूस रोज तटावरचा शत्रू बघत असतो, त्याचे निशाण कधी खाली येते याची वाट बघत असतो, आणि ते आले की थांबतो. थांबायची सोय त्या लढाईच्या बांधणीतच असते. अणुबॉम्बच्या बांधणीत ती नाही. बॉम्ब सुटल्यापासून फुटेपर्यंतच्या त्रेचाळीस-चव्वेचाळीस सेकंदांत हिरोशिमातल्या कोणत्याही माणसाला शरण येता येत नव्हते, आणि त्या माणसांत शिपाई थोडे, रहिवासी फार होते. शरण येण्याची वाट म्हणून बॉम्बच्या आधी शब्दांनी ठेवावी लागते. शब्दांत ती नसेल, तर ती कुठेच नाही.

हे सगळे आठवायचे ते ट्रूमनना पुन्हा एकदा पिंजऱ्यात उभे करण्यासाठी नव्हे. ते काम जगात चोख चालू आहे. आपल्या नावाने जे लिहून ठेवले आहे, त्याकडे आपण किती वेळा पाहिले, हे आमचे विचारणे आहे.

गांधीजी १ जुलै १९४६ ला पुण्यात होते. आदल्याच दिवशीच्या पहाटे त्यांची गाडी नेरळ-कर्जतच्या दरम्यान घसरली होती. त्या दिवशी पुण्यात बसून त्यांनी ‘हरिजन’साठी अणुबॉम्बवर लिहिले. काही अमेरिकी मित्रांचे म्हणणे होते की या अस्त्राच्या किळसेनेच जग अहिंसेकडे वळेल. गांधीजींनी ते साफ नाकारले: किळस ओसरते आणि माणूस दुप्पट जोमाने जुन्याच वाटेला लागतो. ते मित्र ज्याला अहिंसा म्हणत होते, त्याचे आजचे नाव धाक, आणि तो आज आपल्या सरकारी धोरणाचा पाया आहे.

जून १९९५ मध्ये भारताने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात लेखी निवेदन दिले की अण्वस्त्रांचा वापर कोणत्याही परिस्थितीत बेकायदा आहे. प्रत्युत्तरादाखलसुद्धा. जुलै १९९६ मध्ये न्यायालयाने वापर सर्वसाधारणपणे युद्धनियमांच्या विरुद्ध ठरवला, पण राष्ट्राच्या अस्तित्वावरच बेतले असता काय, यावर हात आखडता घेतला. म्हणजे आपण न्यायालयाच्याही पुढे होतो. मग मे १९९८ मध्ये पोखरण झाले. १९९९ च्या मसुद्यात आणि ४ जानेवारी २००३ च्या मंत्रिमंडळ समितीच्या निवेदनात आपण सांगितले: पहिला वार आम्ही करणार नाही, आमच्यावर झाला तर प्रत्युत्तर देऊ. १९९९ च्या मसुद्यात हे प्रत्युत्तर शिक्षा देणारे होते. २००३ मध्ये ते प्रचंड झाले. शिवाय मोठा रासायनिक किंवा जैविक हल्ला झाला तरी अण्वस्त्राने उत्तर देण्याची मोकळीक राखून ठेवली. पहिला वार न करण्याच्या शपथेला पडलेले हे भोक फारसे कोणाच्या लक्षात आलेले नाही.

आपल्याकडची चर्चा होते ती पहिल्या वाराची. नोव्हेंबर २०१६ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर म्हणाले की स्वतःला असे बांधून का घ्यावे, आणि मग ते वैयक्तिक मत ठरले. ऑगस्ट २०१९ मध्ये राजनाथ सिंह पोखरणला म्हणाले की पुढचे परिस्थितीवर अवलंबून. वर्तमानपत्रांनी दोन्ही वेळा रकाने भरले. दुसऱ्या वाराबद्दल मात्र सगळे एकमताने गप्प, जणू तो आपोआप नीतिमान आहे. आमच्या मते खरी अडचण तिथे आहे. धाक दाखवण्यासाठी प्रचंड प्रत्युत्तर बोलणे समजू शकते. पण आपल्यावर बॉम्ब पडला, म्हणजे धाक फसला, त्यानंतर समोरच्या शहरातली लाखभर माणसे मारून काय साधायचे? स्टिम्सन निदान एवढे तरी म्हणू शकत होते की आमच्या बॉम्बने युद्ध संपले. आपल्या निवेदनात आपल्या बॉम्बने काय संपेल हे लिहिलेले नाही. समोरच्याने निशाण खाली घेतले तर आपण थांबणार का, कुठे थांबणार, हेही नाही.

हा प्रश्न देशद्रोहाचा म्हणून बाजूला सारला जातो. आनंद पटवर्धनांचा ‘जंग और अमन’ पोखरणपासून हिरोशिमापर्यंत हेच विचारत गेला, तर २००२ मध्ये सेन्सॉरने त्यावर कात्री उगारली. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये ती अडवली म्हणून चित्रपट जसाच्या तसा दिसला. दुसऱ्या टोकाला, बॉम्ब करणाऱ्यांना राक्षस ठरवणारे आहेत. तेही खरे नाही. १९७४ आणि १९९८ या दोन्ही चाचण्यांत सहभागी असलेले डॉ. अनिल काकोडकर गोवा मुक्तिलढ्यातल्या गांधीवादी दांपत्याचे चिरंजीव. वडील पुरुषोत्तम काकोडकरांना पोर्तुगीजांनी पकडून थेट पोर्तुगालला हद्दपार केले होते. अशा घरातला माणूस हे काम करतो, तेव्हा त्याने विचार केलाच नसेल असे म्हणण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. विचार त्यांनी केला असेल. आपण केलेला नाही.

दोन दारे आपण आणि पाकिस्तानने उघडी ठेवली आहेत, आणि त्यांची दखल घेतली पाहिजे. ३१ डिसेंबर १९८८ च्या करारानुसार दोन्ही देश एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करणार नाहीत, आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला केंद्रांच्या याद्यांची अदलाबदल होते. कारगिलनंतर झाली, संसदेवरच्या हल्ल्यानंतर झाली, मुंबईच्या २६ नोव्हेंबरनंतरही झाली. यादी जाहीर होत नाही. तारापूर आणि ट्रॉम्बे तीत नसतील तर नवलच. दुसरे दार म्हणजे दोन्हीकडच्या लष्करी मोहीम महासंचालकांमधला फोन. १० मे २०२५ ला दुपारी पलीकडून तो वाजला आणि चार दिवसांची लढाई थांबली. या गोष्टींना टाळ्या पडत नाहीत. पण प्रचंड प्रत्युत्तराच्या निवेदनात अशा दारांचा शब्दही नाही.

ओझरहून नारायणगाव जवळ, आणि नारायणगावच्या पलीकडे खोडद. तिथली दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेची. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या जिद्दीतून उभ्या राहिलेल्या. तिचा बॉम्बशी काडीचा संबंध नाही. ती दूरच्या आकाशगंगांचे रेडिओ संदेश ऐकते. पण तिचा खर्च देणारा विभाग आहे अणुऊर्जा विभाग, ट्रॉम्बेचाही मालक तोच. त्या दुर्बिणीच्या शांततेसाठी जुन्नर-आंबेगावच्या लोकांनी बरेच सोसले आहे. कारखान्यांवर बंधने आली, आणि आता पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा नारायणगावकडचा मार्गही दुर्बिणीला त्रास होईल म्हणून वळवला जातो आहे. त्यावर गावोगाव बैठका झाल्या, निवेदने गेली. रेल्वे का वळली, हे विचारण्याचा हक्क या लोकांनी बजावला आणि तो कोणी नाकारलेला नाही.

२८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, खोडदचे दरवाजे सगळ्यांना उघडे असतात. तालुक्याच्या आणि बाहेरच्या शाळांची मुले प्रदर्शनाला लोटतात, शास्त्रज्ञ तबकड्यांखाली उभे राहून त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतात. विभागाने पुढच्या वर्षी तिथे आणखी एक फलक लावावा. ४ जानेवारी २००३ चे निवेदन जेमतेम पानभराचे आहे. ते मराठीत करून, शेजारी जून १९९५ ला हेगला दिलेल्या निवेदनाचा सारांश ठेवून, एखादा जाणकार अधिकारी फलकापाशी उभा करावा. आठवीतल्या मुलांचे प्रश्न झेलण्याची तयारी असलेला.